लाइट नाही, तर रोजा

लाइट गेली की आमच्या घरमालकांची पहिली हाक माशांना जायची.

“आप घबराव नक्को. मैं आया.”

मग खुर्ची ओढल्याचा आवाज, मग लोटा पाण्यात बुडवल्याचा. वरच्या खोलीत मी घामाघूम होऊन पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेली असायचे. भाडेकरू मी होते, पण घाबरू नका असं मला कधी कुणी म्हटलं नाही. पहिल्या महिन्यात वाटलं, खाली कुणी आजारी माणूस असावं. एकदा जिन्यातून वाकून बघितलं, तर काचेच्या टाकीत नऊ सोनेरी मासे, आणि समोर पांढऱ्या दाढीचे, कडक इस्त्रीचा सदरा घातलेले आमचे घरमालक. अदबीनं वाकून माशांची चौकशी चाललेली.

“माशांना आप म्हणता?” मी न राहवून विचारलं.

“ते काय आपल्या मर्जीनं आले का इथं, मॅडम? आपण आणलं. म्हणजे पाहुणेच झाले की. पाहुण्याला तू म्हणतात व्हय?”

मीही मॅडमच राहिले शेवटपर्यंत. त्यांच्या मुलीपेक्षा मी लहान, उमरीहून नांदेडला एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला आलेली, पण त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही की अगं-तुगं केलं नाही. गल्ली त्यांना मास्टरसाब म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले.

मास्टरसाबांनी पस्तीस वर्षं टायपिंग शिकवलं होतं. नांदेडातल्या निम्म्या कचेऱ्यांत त्यांचे विद्यार्थी बसलेले होते. पुढं कॉम्प्युटर आले, क्लास बंद पडला, आणि एक मशीन तेवढं घरी आलं. ते टाकीशेजारच्या टेबलावर झालरीच्या कापडाखाली झाकलेलं असायचं. क्लास सुटला तरी बोटांची सवय सुटली नव्हती. समोरचा बोलायला लागला की मास्टरसाबांची बोटं मांडीवर चालायला लागायची. तो बोलेल ते सगळं टाइप होत जायचं. दूधवाला म्हशीचं दुखणं सांगतोय आणि हे मांडीवर उतरवून घेताहेत. वाक्य संपलं की डावा हात हवेत सरकायचा, ओळ बदलल्यासारखा. नव्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याला कंपवात आहे.

आमच्या ऑफिसातले बडेबाबू त्यांच्याच हाताखाली शिकलेले. ते एकदा सांगत होते, “मास्टरसाबनी उभ्या जन्मात एका पोराची चूक दाखवली न्हाई बघा. लाल पेन्सिलच नव्हती त्यांच्याकडं. आपला कागद घिऊन जायचे, आन् दुसऱ्या दिवशी त्योच मजकूर बिनचूक टाइप करून आपल्या मशिनीवर ठेवलेला. आपण आपलं ताडून बघायचं. लई लाज वाटायची. दोन चापट्या परवडल्या असत्या.”

मी हे मास्टरसाबांना विचारलं. त्यांनी आधी माझा प्रश्न मांडीवर टाइप करून घेतला.

“चूक ज्याची त्याला आतून माहीत असते, मॅडम. तोंडावर सांगून त्याचं तोंड तेवढं उतरतं. बरोबर काय ते समोर ठेवावं आन् बाजूला व्हावं. लिहाज म्हणून काही चीज आहे का न्हाई?”

लिहाज हा त्यांचा फार लाडका शब्द. समोरच्याची लाज आपण राखायची, एवढा त्याचा सरळ अर्थ. पण मास्टरसाब तो पार टोकाला न्यायचे. पाण्याची मोटर लावून मी विसरायचे आणि गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागायची. दुसरा घरमालक असता तर खालून शंख केला असता. हे छत्री उघडून अंगणात उभे राहायचे. भर मे महिन्यात, रणरणत्या उन्हात, पागोळ्यांखाली छत्री घेऊन गप्प उभे. माझं लक्ष जाईपर्यंत. मी धावत जाऊन मोटर बंद केली की छत्री मिटून आत जायचे, एक अक्षर न बोलता. मी हसायचे तेव्हा. त्या सवयीत माझाच पाय अडकणार आहे हे तेव्हा कुठं ठाऊक होतं.

मासे मूळ त्यांच्या बेगमचे. त्या वारल्या, आणि त्यांच्या हातचा एकच मासा मागं उरला. आणला तेव्हा अंगठ्याएवढा होता, मी बघितला तेव्हा तळहाताएवढा झाला होता. त्याचं नाव बडे मियाँ. बाकीचे आठ त्याला सोबत म्हणून मास्टरसाबांनी नंतर आणलेले. “हे मासे माझे न्हाईत,” ते म्हणायचे. “मी फक्त राखण करतो.”

राखण म्हणजे काय, ते लाइट गेली की दिसायचं. लाइट गेली की हवेचा पंप बंद, बुडबुडे बंद. मास्टरसाब टाकीवरचं झाकण काढायचे, पाणी गार राहावं म्हणून काचेला ओलं फडकं गुंडाळायचे, आणि लोट्यानं टाकीतलंच पाणी उचलून वीतभर उंचीवरून बारीक धारेनं परत टाकीत सोडायचे. धारेबरोबर पाण्यात हवा जाते. अर्धा तास, तास, कधी तीन तास. आमच्या गल्लीत लाइट किती वेळ नव्हती हे त्यांच्या खांद्याला सगळ्यात नेमकं माहीत असायचं.

“इन्व्हर्टर घ्या की,” मी म्हणायचे.

“बॅटरी दगा द्यायच्या आधी सांगत न्हाई. हात निदान दुखून सांगतो.”

दुसरा नियम खाण्याचा. लाइट नाही, तर रोजा. पंप बंद असताना माशांना खायला घातलं तर ते तळाशी कुजतं, पाणी नासतं, उरलीसुरली हवाही जाते. म्हणून लाइट येईपर्यंत माशांचा कडक उपास. आणि माशांचा म्हणून यांचाही. एकदा समोर बगाऱ्या भाताचं ताट वाढलेलं, पहिला घास हातात, आणि लाइट गेली. मास्टरसाबांनी घास परत ताटात ठेवला, ताट झाकलं आणि लोटा घेतला. मी वरून शिऱ्याची वाटी घेऊन आले होते. म्हटलं, दोन चमचे तरी खा.

“ते बघून राहिले ना काचेतनं,” ते कुजबुजले. “बरं दिसंल का?”

त्यांची एकुलती एक मुलगी लातूरला दिली होती. तिनं तिथं नवं घर बांधलं होतं, आणि दर शुक्रवारी तिचा फोन यायचा. फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळं जिन्यात मलाही पाठ झाला होता. “अब्बा, कवा येताव?” “येतो, बेटा. जरा लाइटीचं बघतो.” घर होऊन चार वर्षं झाली, तरी यांनी ते बघितलं नव्हतं. मासे घेऊनच जा, असं मी म्हटलं, तर ते माझ्यावर जवळजवळ रागावले.

“लातूरला आठ-आठ दिवस नळ येत न्हाई. जिथं माणसं घागर-घागर पुरवून वापरतात तिथं मी टाकीभर पाणी माशांसाठी मागू? मुलगी देईल. पण मी मागू का?”

मला मध्ये पडायची हौस भारी. मी म्हटलं, “मी बघते मासे. तुम्ही चांगले आठ दिवस राहून या.”

आधी ते नको नको म्हणाले. मग आठवडाभर त्यांनी मला शिकवलं. लोटा कसा धरायचा, धार किती बारीक, फडकं किती ओलं. माझी धार त्यांना पसंत पडली तेव्हा लहान पोरासारखे खुलले. निघायच्या दिवशी सकाळी अर्धापूरच्या केळ्यांची पिशवी घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, “हात दुखला तर जरा बसा, मॅडम. दहा मिनिटांनी काही होत न्हाई. फक्त खायला देऊ नका.” माशांचाही निरोप घेतला. तो खाजगी होता, म्हणून मी बाहेर थांबले.

त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाजच वेगळा. “मुलीनं खिडकीपाशी माझी खाट टाकली, मॅडम. पडल्या पडल्या लिंबाचं झाड दिसतं. फार हवा आहे. मी तर म्हणतो पंधरा दिवस राहावं.” मी म्हटलं, महिनाभर राहा.

शनिवारी दुपारी अवकाळीचं वारं सुटलं, नाक्यावरचा खांब आडवा झाला, आणि लाइट गेली. मी खाली येऊन झाकण काढलं, फडकं गुंडाळलं, लोटा घेतला. एक तास झाला, दोन झाले, चार झाले. मधून मधून बसत होते, पण माझ्या बसण्याची दहा मिनिटं हळूहळू अर्ध्या तासाची व्हायला लागली. पाच-साडेपाचला मासे वर आले. नऊच्या नऊ. पाण्याच्या तोंडाशी येऊन, माझ्याकडं बघत, तोंडं उघडायची, मिटायची, उघडायची.

तेवढ्यात उमरीहून आईचा फोन आला. मी तिला सांगितलं, दुपारपासून मासे उपाशी आहेत आणि आता तोंड वासून वर आलेत.

“अगं मग बघत काय बसलीस? मुक्या जिवाला उपाशी ठिवून कोणतं पुण्य लागून राहिलं तुला? टाक की दोन गोळ्या कणकेच्या.”

आईला दोष देत नाही. लहानपणी ती मला दर अमावस्येला उमरीहून नांदेडला आणायची. घरूनच कणीक मळून डब्यात घ्यायची, आणि गोदावरीच्या घाटावर बसून आम्ही बोराएवढ्या गोळ्या नदीत टाकायचो. मासे झुंबड करून वर यायचे, तोंडं उघडायचे. आई म्हणायची, बघ, आशीर्वाद देऊन राहिले. मासा तोंड उघडतो म्हणजे त्याला भूक लागलीय, हे माझ्या हाडीमाशी मुरलेलं होतं. नियम मला ठाऊक होता, कारणही ठाऊक होतं. तरी मला वाटलं, मास्टरसाब म्हातारे आहेत, अती करतात. उपाशी जिवाला दोन घास घातल्यानं कुठं कुणी मरतं?

मी वर जाऊन कणीक मळली. दोन नाही, चांगल्या ओंजळभर गोळ्या केल्या. माशांनी त्या तोंडात घेतल्या, सोडल्या, पुन्हा घेतल्या. मला वाटलं, खाताहेत. माझा जीव थंड झाला. त्या समाधानात मी आणखी थोडा वेळ धार सोडली आणि जरा पाठ टेकते म्हणून वर गेले. डोळा लागला तो सकाळीच उघडला.

टाकीतलं पाणी ताकासारखं पांढरं झालं होतं. आठ मासे आडवे तरंगत होते. बडे मियाँ तेवढा कोपऱ्यात तोंड वर काढून उभा होता. मी बादल्यांनी पाणी बदललं, दोन्ही हातांनी धार सोडली, त्याला आप म्हणाले, हात जोडले. दुपारी लाइट आली, पंप सुरू झाला, बुडबुडे वर यायला लागले. तोवर तोही गेला होता.

मी नऊच्या नऊ अंगणातल्या पेरूखाली पुरले, टाकी जमेल तशी खरवडली आणि लातूरला फोन केला. फक्त एवढंच म्हणाले, लाइट कालपासून नव्हती. मास्टरसाब सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं परत आले. पंधरा दिवस राहतो म्हणालेला माणूस पाचव्या दिवशी दारात उभा.

त्यांना खुर्चीत बसवून मी सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही. खांब पडला, लाइट गेली, मी लोटा घेतला, हे सांगेपर्यंत त्यांची बोटं मांडीवर चालत होती. “मी धार सोडत होते, दुसरं काहीच केलं नाही,” असं मी म्हटलं, आणि बोटं थांबली. वाक्य अर्ध्यावर राहिलं. डावा हात सरकला नाही.

मग ते म्हणाले, “तुम्ही माझ्यापायी हात दुखवून घेतला. माफ करा, मॅडम.”

त्यांनी माझी माफी मागितली. तेव्हाच सांगायला हवं होतं. जिभेच्या टोकाशी आलं होतं, आणि मी ते गिळलं.

संध्याकाळी ते टाकीतली वाळू धुवायला गच्चीवर आले. माझ्या खिडकीतून दिसत होते. घमेल्यात वाळू घेऊन दोन्ही तळव्यांत चोळत होते. मध्येच थांबले. वाळूतून काहीतरी पांढरं उचललं, दोन बोटांत दाबून बघितलं. ते चिकटलं बोटाला. तसेच बसून राहिले बराच वेळ, बोटाकडं बघत. मग त्यांनी हात धुतला आणि उरलेली वाळू धुवायला घेतली. खिडकीकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही.

महिन्याभरानं टाकीत पाच नवे मासे आले. त्या दिवशी खालून मशीनचा आवाज ऐकू आला, मी तिथं राहायला आल्यापासून पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी बघते तर टाकीच्या काचेला एक कार्ड चिकटवलेलं. स्वच्छ, बिनचूक टाइप केलेलं.

“मासे वर येऊन तोंड उघडतात ते भुकेमुळे नव्हे. पाण्यात हवा कमी झाली की ते वर येतात. अशा वेळी धार सोडावी. खायला घालू नये.”

माझा कागद त्यांनी तपासून माझ्या मशीनवर ठेवला होता. मी वर जाऊन दार लावलं आणि पोटभर रडले. पण खरं सांगायचं तर रडून झाल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांना कळलंय, ते बोलणार नाहीत, मीही बोलायची गरज नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांच्या भलेपणाचा मी असा सोयीस्कर अर्थ लावून घेतला.

शुक्रवारचे फोन चालूच होते. “अब्बा, कवा येताव? खाट तशीच हाय.” “लाइटीचा भरोसा न्हाई, बेटा.” मी जिन्यात ऐकायचे. मी बघते मासे, हे तीन शब्द पूर्वी किती सहज बोलले होते. आता ते तोंडातून निघेनात. असे दोन उन्हाळे गेले. धार सोडताना ते मला कधी हाक मारायचे नाहीत, आणि आपण होऊन जायची मला हिंमत व्हायची नाही. वर मी आणि खाली ते, मध्ये नुसता पाण्याचा आवाज.

मग माझी बदली झाली, तीही लातूरला. निघताना मास्टरसाब म्हणाले, “मुलीकडं जात जा, मॅडम. तुमचंच घर समजा.” मी हो म्हटलं आणि दीड वर्ष गेले नाही. तिची गल्ली टाळून जायचे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. एके दिवशी बडेबाबूंचा फोन आला. मास्टरसाब गेले. झोपेतच गेले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी त्या घरी गेले. मुलीनं दार उघडलं. माझ्या तोंडाकडं बघूनच ओळखलं तिनं.

“वरच्या मॅडम ना? या, या. अब्बा तुमचं लई सांगायचे.”

बैठकीच्या खोलीत तीच टाकी होती, तेच कार्ड चिकटवलेलं. नांदेडचं घर आवरून तिनं मासे जीपनं इकडं आणले होते. खिडकीपाशी खाट होती, चादर घातलेली. बाहेर लिंबाचं झाड. मी त्या खाटेवर बसले नाही. उभ्याउभ्याच म्हणाले, “मासे लाइटीनं मेले नव्हते. मी त्यांना कणीक घातली होती.”

“हाव, माहीत हाय,” ती शांतपणे म्हणाली. “त्याच दिवशी सांगितलं अब्बानी. वर म्हणले, मॅडमला कधी बोलायचं न्हाई.”

“मग परत का नाही आले ते? दुसऱ्या कुणाला सांगून यायचं मासे सांभाळायला.”

“मी तेच म्हणायची. शेजाऱ्यांना सांगा आन् या. तर म्हणायचे, शेजाऱ्यांना सांगितलं तर मॅडमला वाटंल, माझा भरोसा उठला. आन् मॅडमलाच सांगितलं तर त्या बिचाऱ्या भिऊन भिऊन मरतील. त्यांची बदली हुईल कधीतरी, तवा येतो.”

“झाली की बदली.”

“झाली ना. पण तवर गुडघे गेले त्यांचे. एसटीची पायरी चढंना झाली.”

ती चहा ठेवायला आत गेली आणि मी त्या खाटेकडं बघत राहिले. चार रात्री झोपले होते ते तिथं. चालता-फिरता येत होतं ती दोन वर्षं त्यांनी माझी लाज सांभाळण्यात घालवली. मी एक वाक्य बोलायला हवं होतं. चुकले, कणीक घातली, आता नाही घालणार, तुम्ही जा. एवढं बोलले असते तर पुढच्याच शुक्रवारी ते लातूरच्या गाडीत असते. ते माझ्या बोलण्याची वाट बघत होते की नाही, मला माहीत नाही. माझ्यावर कुठल्याही प्रकारे जोर पडू नये, एवढंच त्यांनी बघितलं.

चहा अर्धा झाला असेल, लाइट गेली. पंप थांबला. मुलगी उठून लोटा घेऊन आली.

“द्या इकडं,” मी म्हटलं.

मी झाकण काढलं, लोटा बुडवला, वीतभर उंचीवरून बारीक धार सोडली. त्यांनी शिकवली होती तशीच. ती शेजारी बसून नांदेडच्या गोष्टी विचारत राहिली, छत्रीची गोष्ट ऐकून हसली, मग डोळे पुसले. तास झाला. मासे वर आले, तोंडं उघडायला लागले. मी थांबले नाही.

“पुरे आता, मॅडम, मी घेते,” ती म्हणाली. “हात दुखंल.”

“दुखू द्या,” मी म्हटलं.